बर्लिनच्या गल्ल्यावरून : वाचकांचे प्रश्न

होळी झाली की या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. हिवाळाभर विद्यार्थी लिहितात, मार्चपासून आईवडिलांचा नंबर लागतो. मुलगा किंवा लेक बर्लिनला, घरात नातवंड, पासपोर्टवर व्हिसा आणि पोटात गोळा. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी मूळची कराडची, बर्लिनच्या नॉयकोल्न भागात राहते आणि एका सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते. तेव्हा म्युझियम कुठलं पाहावं हे मला विचारू नका. भेंडी कुठे मिळते ते विचारा.

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे तीन महिन्यांसाठी येतोय. सूनबाई म्हणते, काही आणू नका, इथे सगळं मिळतं. माझा विश्वास बसत नाही. गोडा मसाला, घरचं तूप, श्रीखंडासाठी चक्का, थोडे पेढे, कढीपत्ता आणि एक हापूसची पेटी आणायचा विचार आहे. आणि तिथे भाजी तरी कसली मिळते? – एक वाचक, सांगली

काकू, सूनबाई पाऊणएक खरं सांगतेय. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ बिनदिक्कत आणा. तूप, चक्का आणि पेढे मात्र सांगलीतच राहू देत. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत. ‘घरी खायलाच आहेत, थोडेसे आहेत’ हे कारण कस्टमवाल्यापुढे चालत नाही. ताज्या फळांना आणि पालेभाज्यांना कीड-रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटका आहे ती पाचच फळांना : केळं, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नारळ आणा, हापूस नको. कढीपत्ता चटणीत घालून आणा, डहाळ्या नकोत.

तूप इथे ‘बुटरश्माल्ट्स’ या नावाने मिळतं. लोणी कढवूनच केलेलं असतं. आपल्या तुपाची कणी आणि खमंगपणा त्याला नाही, पण पातळ करून पुरणपोळीवर सोडलं तर पाहुणा काही बोलत नाही.

श्रीखंडाची सोय मात्र घरच्यापेक्षा चांगली आहे. दुधाच्या फडताळात ‘क्वार्क’ लिहिलेले पाव किलो, अर्धा किलोचे डबे असतात. हा जर्मन चक्काच समजा. त्यात तीन प्रकार : ‘मागर’ म्हणजे साय काढलेला, मग वीस टक्केवाला आणि चाळीस टक्केवाला. तुम्ही चाळीसच घ्या. मागर हा इथे व्यायामशाळेत जाणारी पोरं किलोकिलोने नेतात, त्याचं श्रीखंड कोरडं आणि चरबरीत होतं. झाकण उघडल्यावर वर थोडं पाणी सुटलेलं दिसेल. ते ओतून द्या आणि क्वार्क पंच्यात बांधून दोनेक तास सिंकच्या नळाला टांगून ठेवा. नंतर पिठीसाखर, वेलची, केशर. पुरणयंत्र लागत नाही, कारण क्वार्कला गाठी नसतात. आमच्या दुकानातल्या माझ्या जोडीदारणीने, ती पोलंडची आहे, पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ‘यात चीज केकचा खालचा भाग कुठे गेला?’ असं विचारलं होतं.

गव्हाच्या पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. ते भाव नाहीत. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा तो आकडा आहे. आकडा लहान तेवढं पीठ पांढरं, कोंडा कमी. ४०५ म्हणजे आपला मैदा. त्याच्या पोळ्या केल्यात तर सकाळची पोळी दुपारी वातड होणार. भारतीय दुकानातून कणकेची पिशवी आणणं सोपं. रव्याला ‘ग्रीस’ म्हणतात, उपमा-शिरा छान होतो. जिऱ्याची बाटली घेताना मात्र चष्मा लावा. ‘क्युमेल’ आणि ‘क्रॉयत्सक्युमेल’ शेजारी शेजारी उभे असतात आणि दोन्हींत दिसायला जिरंच दिसतं. फोडणीला लागतं ते लांब नावाचं. नुसतं क्युमेल हे इथल्या पावात आणि कोबीत घालतात, वरणाला त्याचा भलताच वास येतो.

आता भाजी. कोबी, फ्लॉवर, बीट, मुळा, बटाटा कुठल्याही दुकानात. खरी भाजी घ्यायची तर मंगळवारी किंवा शुक्रवारी मायबाखउफरच्या बाजाराला जा. लांडवेअर नावाच्या कालव्याच्या काठाने हा बाजार भरतो, सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेसहा. ‘उ-आठ’ या भुयारी गाडीने श्योनलाइनस्ट्रास स्टेशनला उतरायचं, की पाच मिनिटांवर. लोक त्याला तुर्की बाजार म्हणतात. तुर्की माणसं इथे कशी आली हे तुमच्या नातवाला शाळेत शिकवतील. तोवर थोडक्यात सांगते. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून पश्चिमेत कामाला येणारे लोक एका रात्रीत यायचे थांबले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूर आणण्याचा करार केला. पाहुणे म्हणून बोलावलेली माणसं भिंतीलगतच्या स्वस्त घरांत राहिली, क्रॉयत्सबेर्ग आणि नॉयकोल्नमध्ये, आणि राहिलीच. म्हणून आज तुम्हाला इथे कोथिंबीर मिळते.

भेंडी बोटाच्या पेराएवढी छोटी असते, चिरायची गरज नाही, अख्खीच परतावी. छोटी वांगी, पुदिना, पालक, डाळिंबं, चपट्या घेवड्याच्या शेंगा, सगळं आहे. लांब हिरव्या मिरच्यांना भुलू नका, तिखट नसतात. काबुली चणे, मसूर डाळ आणि गव्हाचा दलिया तुर्की दुकानात मोठ्या पिशव्यांमधून मिळतो आणि भारतीय दुकानापेक्षा स्वस्त पडतो. दोडका, पडवळ, गवार हवी तर श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं शोधा, मुलाला विचारा, त्याला माहीत नसेल तर त्याच्या ऑफिसातल्या चेन्नईच्या मुलाला नक्की माहीत असेल.

या बाजारात पाच वाजल्यानंतर जाणं हा माझा आवडता उद्योग. दुपारी विक्रेते शांत असतात. पाच वाजले की आरडाओरडा सुरू. भाजी प्लास्टिकच्या परड्यांत लावलेली असते आणि परडीवर भाव ठरतो. सव्वासहाला तोच माणूस एका परडीच्या पैशात दोन परड्या तुमच्या पिशवीत उलट्या करतो, कारण उरलेलं त्याला परत गाडीत चढवायचं नसतं. फक्त एक पाहा : वरची टोमॅटोची रांग लालबुंद असते, खालच्यांची खात्री कोणी देत नाही. आणि माल स्वतः चाचपू नका. बोटाने दाखवा, तो काढून देईल. मंडईत आपण वांगं दाबून बघतो, इथे ते केलंत तर तुर्की आजोबासुद्धा डोळे वटारतात.

तुम्ही मेमध्ये येताय म्हणजे सगळीकडे जाड पांढरी शतावरी दिसेल, ‘श्पार्गल’. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत हिचा मोसम, आणि तेवढे दिवस जर्मन माणूस दुसऱ्या कशाविषयी बोलत नाही. बर्लिनशेजारच्या बेलित्स गावची नावाजलेली. एकदा आणून बघा, साल मात्र जाड काढा. मला विचाराल तर शेवग्याच्या शेंगेची सर नाही.

प्रश्न : वहिनी, मी ठाण्याची, सध्या लेकीकडे बर्लिनला आहे. एका सुपरमार्केटात एकटी गेले. कॅशियरबाईने वस्तू अशा भिरकावल्या की माझ्या हाताखाली ढीग झाला. पिशवीत भरेपर्यंत मागचा माणूस उसासे टाकत होता. मला रडूच आलं. इतकी कसली घाई? – एक वाचक, ठाणे

ताई, भिरकावणारी मी नव्हते एवढं सांगते, पण असू शकले असते. हा प्रश्न माझ्या खुर्चीचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे कॅशियर बसून काम करते आणि वस्तू सरकवण्याचा वेग हा तिच्या कामाचा भाग धरला जातो. स्वस्त दुकानांच्या स्वतःच्या मालावर बारकोड एकाच कोपऱ्यात नसतो, पाकिटाच्या चारी बाजूंनी लांबलचक छापलेला असतो, म्हणजे पाकीट कसंही फिरलं तरी यंत्र वाचतं. केळी, कांदे, सुटे पाव यांचे आकडे आम्हाला पाठ असतात. त्यामुळे तुम्ही कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन ‘ही कुठे ठेवू’ विचार करेपर्यंत आमच्याकडून दूध, साखर आणि साबण पलीकडे गेलेला असतो. यात तुमच्यावर राग नसतो. माझ्या गल्ल्यावर साडेपाच वाजता रांग फडताळांमध्ये शिरते, तेव्हा मला समोर माणसं दिसतच नाहीत, पट्टा दिसतो.

पिशवी भरायची जागा गल्ल्यापाशी नाहीच, हे कोणी तुम्हाला सांगितलं नाही. ढकलगाडी घ्या, दोनच वस्तू असल्या तरी घ्या. तिला एक युरोचं नाणं लागतं, ते गाडी परत लावली की सुटतं. पट्ट्यावर जड वस्तू आधी, अंडी आणि पाव शेवटी. तुमचा माल संपला की छोटी आडवी दांडी ठेवा, म्हणजे मागच्याचा माल तुमच्या बिलात येत नाही. मी वस्तू पुढे ढकलत जाईन तशी ती सरळ गाडीत टाकायची, कशीही. पैसे द्यायचे. मग बाहेर पडायच्या वाटेवर भिंतीला किंवा खिडकीला लांब फळी असते, तिथे उभं राहून निवांत भरायचं. तिथे तुम्ही अर्धा तास काढलात तरी कोणी विचारत नाही. पिशवी घरून न्या. पातळ प्लास्टिकच्या हाताच्या पिशव्यांवर २०२२ पासून बंदी आहे, कागदी पिशवीला पैसे पडतात आणि पावसात तिचा बूड सुटतो.

कॅशियर दोन गोष्टी विचारते. पॉइंट जमवता का? मान हलवून नाही म्हणा. पावती हवी का? पावती छापणं आमच्यावर बंधनकारक आहे, २०२० पासून, अगदी बेकरीत एक पाव घेतला तरी. घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही, पण तुम्ही घ्या. पैसे माझ्या हातात न देता समोरच्या लहान तबकात ठेवतात. त्यात शिवाशिव वगैरे काही नाही, नाणी दोघांनाही मोजता येतात.

आणि मागच्या माणसाचा उसासा. तो मलाही ऐकू येतो. तुम्ही एक दिवस सकाळी दहाला या आणि जर्मन आज्या बघा. बिल ऐकल्यावर पर्स उघडतात, चष्मा बदलतात आणि एक-एक, दोन-दोन सेंटची नाणी तबकात मांडतात. मध्ये माझ्याशी गुडघ्याबद्दल बोलतात. मागे आठ माणसं उभी असतात आणि एकाची हिंमत होत नाही. तुम्हीही त्याच वयाच्या आहात, तुमचाही तेवढा हक्क आहे.

एका गोष्टीत मात्र या शिस्तीच्या देशाची अब्रू जाते. दुसरा गल्ला उघडतोय अशी घोषणा झाली की रांगेतला क्रम कोणी पाळत नाही, सगळ्यात मागचा सगळ्यात आधी धावतो. तेव्हा आपल्या दादर स्टेशनची सवय वापरा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे, हिशेबाला पक्का. इथे पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या, बिलात दीड युरो जास्त लावला. बाटल्यांवर दर वेगळा, बिल वेगळं. मॅनेजरकडे तक्रार केली तर तो हसला. याला काय म्हणावं? – एक वाचक, मूळ नाशिक, सध्या बर्लिन

काका, याला अनामत म्हणावं. जर्मनीत ‘फांट’. सोड्याच्या बाटलीवर दुकानदार पैसे ठेवून घ्यायचा, बाटली दिली की परत, तेच. सहा बाटल्या, प्रत्येकी पंचवीस सेंट, दीड युरो. तुमचा हिशेब बरोबर आहे आणि दुकानाचाही.

प्लास्टिकच्या वापरून फेकायच्या बाटल्यांवर आणि पेयांच्या डब्यांवर पंचवीस सेंट, काचेच्या बिअरच्या बाटलीवर बहुधा आठ, पुन्हा भरून येणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर पंधरा. फेकायच्या बाटल्यांवरची अनामत २००३ मध्ये सुरू झाली. आधी काही पेयं सुटलेली होती, २०२२ पासून फळांचे रसही यात आले आणि २०२४ पासून प्लास्टिकच्या बाटलीतलं दूधसुद्धा. बाटलीवर एक छोटं चित्र असतं, बाटली-डबा आणि गोल वळलेला बाण, ते दिसलं की समजायचं पंचवीस सेंट अडकलेत. वाइनच्या आणि लोणच्याच्या बाटल्यांवर सहसा अनामत नाही, त्या रस्त्यावरच्या काचेच्या टाक्यांत जातात.

परत कशी करायची ते बघा. दुकानाच्या दाराशी किंवा पेयांच्या विभागात भिंतीत गोल भोक असलेलं यंत्र असतं. बाटली रिकामी हवी, चेपलेली नको, लेबल फाडलेलं नको. यंत्र ती आत ओढून गोल फिरवतं, बारकोड वाचतं आणि मग आतून कडकड चुरगळल्याचा आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे पैसे जमा. बाटली बाहेर परत आली तर तळ पुढे करून घाला, लेबल सरळ करा. सगळ्या झाल्या की हिरवं बटण, आणि चिठ्ठी बाहेर. ही चिठ्ठी खिशात विसरू नका. पुढच्या खरेदीला ती कॅशियरला आधी द्या, बिलातून वजा होते, किंवा रोख मागा. ज्या दुकानाची चिठ्ठी त्याच दुकानात चालते. पंचवीस सेंटवाली बाटली मात्र कुठलीही मोठी दुकानं घेतात, तिथून विकत घेतलेली असायलाच हवी असं नाही.

बागेत बाटली रिकामी झाली आणि घरी न्यायचा कंटाळा आला तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याशेजारी जमिनीवर उभी ठेवा. शहरात अनेक म्हातारी माणसं, काही निवृत्त, काही बेघर, बाटल्या वेचून महिन्याची तोंडमिळवणी करतात. त्यांना कचऱ्यात हात घालायला लागू नये म्हणून ही पद्धत आहे. संध्याकाळी कालव्याकाठी बसलेल्या पोरांपाशी एखादी आजी येऊन नुसती उभी राहते, पोरं न बोलता बाटल्या पुढे करतात.

तसं पाणी विकत घ्यायची गरजच नाही. बर्लिनचं नळाचं पाणी जमिनीखालचं आहे, पिण्यालायक आहे, फक्त जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो. घ्यायचंच असेल तर ‘श्टिल’ लिहिलेलं घ्या. बाकीच्यांत गॅस असतो.

प्रश्न : मी रत्नागिरीचा निवृत्त शिक्षक. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. सकाळी नऊ ते पाच मी चौथ्या मजल्यावरून रस्ता बघतो. एकट्याने फिरायला मुलगा सोडत नाही, म्हणतो हरवाल. भाषाही येत नाही. काय करावं? – एक वाचक, सध्या बर्लिन

सर, मुलाला म्हणावं, हरवून बघू दे. पण त्याआधी चार गोष्टी घोटून घ्या.

दाराच्या बाहेरच्या बाजूला मूठ फिरत नाही. दार लोटलं की बंद, किल्ली आत राहिली की कुलूपवाला, आणि त्याचं बिल ऐकून मुलगा तुम्हाला पुढच्या वर्षी बोलावणार नाही. किल्ली गळ्यात अडकवा, पायजम्याच्या खिशात नको.

इथे फ्लॅटला नंबर नसतो. ‘बी विंग, चारशे दोन’ ही कल्पनाच नाही. खालच्या घंटेच्या पाटीवर आडनावं असतात, तेवढीच ओळख. तुमच्या मुलाचं आडनाव पाटीवर नसेल, आधीच्या भाडेकरूचं असेल, तर ते लिहून घ्या. पत्रं, पार्सलं सगळं त्या नावावर चालतं. शेजाऱ्यांची दोन नावंही वाचून ठेवा. पार्सलवाला घरात कोणी नसलं तर शेजारच्यांकडे देऊन जातो, आणि तुम्ही दिवसभर घरी असता हे त्याला कळलं की आठवड्यात अख्ख्या इमारतीची पार्सलं तुमच्याकडे. तक्रार करू नका. माझ्या ओळखीच्या एका साताऱ्याच्या आजोबांची सगळ्या जिन्याशी ओळख त्यातूनच झाली.

घराचे नंबर ही वेगळीच गंमत. बऱ्याच जुन्या रस्त्यांवर सम-विषम समोरासमोर नसतात. एका बाजूने १, २, ३ करत आकडे रस्त्याच्या टोकापर्यंत जातात, तिथे पलीकडे उडी मारतात आणि दुसऱ्या बाजूने उलटे परत येतात. त्यामुळे ५ नंबरच्या समोर १४० असू शकतो. १७९९ पासूनची ही पद्धत, पुढे नव्या रस्त्यांना सम-विषम आली, जुन्यांचं तसंच राहिलं. कुर्फ्युर्स्टनडाम हा मोठा खरेदीचा रस्ता तर ११ नंबरापासूनच सुरू होतो. चौकातल्या रस्त्याच्या पाटीखाली त्या टप्प्यातले नंबर लिहिलेले असतात, ते बघायची सवय लावा, कोणाला विचारावं लागणार नाही.

रस्ता ओलांडताना गाडी नसली तरी लाल दिव्याला थांबा. दंड पाच युरोंचा आहे, पण त्यापेक्षा एखाद्या आईचं ‘इथे लहान मुलं बघतायत’ हे बोलणं झोंबतं, आणि तुम्ही शिक्षक. जुन्या पूर्व बर्लिनमध्ये दिव्यातला माणूस टोपीवाला दिसेल. कार्ल पेगलाऊ या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये तो काढला. दोन जर्मनी एक झाल्यावर त्याला काढून टाकणार होते, लोकांनी आरडाओरडा करून वाचवला. आता पश्चिमेतही बऱ्याच ठिकाणी तोच आहे. सायकलचा पट्टा फुटपाथवरच असतो, कधी लाल विटांचा, कधी नुसत्या रेघेचा. त्यावर उभे राहू नका. घंटी वाजते तोवर उशीर झालेला असतो.

गाडीने जायचं तर स्टेशनात फाटक नाही, कोणी अडवत नाही. म्हणून फुकट नाही. यंत्रातून कागदी तिकीट घेतलं तर त्यावर शिक्का आहे का बघा, नसेल तर फलाटावरच्या छोट्या पेटीत तिकीट सारून उठवून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड साठ युरो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, शेजारी बसलेला माणूसच एकदम कार्ड काढतो. भुयारी गाडीचे तीन थांबे किंवा बसचे सहा, एवढंच जायचं असेल तर ‘कुर्त्सश्ट्रेक’ नावाचं स्वस्त तिकीट मिळतं.

मग जायचं कुठे? बेकरीत. रोज सकाळी एकाच बेकरीत, एकाच वेळी. आत शिरताना ‘हालो’, निघताना ‘च्यूस’. हे न म्हणता आलात तर तुम्ही उद्धट. बोटाने पाव दाखवा. बर्लिनमध्ये छोट्या पावाला ‘श्रिपं’ म्हणतात, बाकी जर्मनीत वेगळं नाव आहे. तुम्ही श्रिपं म्हणालात की बेकरीवाली हसणार. आठवडा संपायच्या आत ती तुम्हाला न विचारता दोन पाव पिशवीत घालेल. नाणी घेऊन जा, बऱ्याच छोट्या बेकऱ्यांत कार्ड चालत नाही.

वाटेत घरांच्या पायऱ्यांवर खोकी दिसतील, वर ‘त्सू फरशेंकन’ लिहिलेलं. फुकट न्या असा अर्थ. पुस्तकं, कपबशा, लहान मुलांचे बूट. उचलायला लाजू नका, इथले प्राध्यापकही उचलतात. नातवाची जर्मन चित्रांची पुस्तकं तिथूनच गोळा करा आणि संध्याकाळी त्याला तुम्हाला शिकवायला लावा.

प्रश्न : रविवारी सगळी दुकानं बंद! दूध संपलं तर काय करायचं? – एक वाचक, कोल्हापूर

शनिवारी आणायचं. रविवार विश्रांतीचा हे इथे राज्यघटनेत आहे. १९१९ च्या घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं. बर्लिन सरकारने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा दिली होती, ती घटना न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केली. गल्ल्यावर बसणारी म्हणून मला हे कलम फार आवडतं. अगदीच अडलं तर हाउप्टबानहोफसारख्या मोठ्या स्टेशनांतली दुकानं रविवारी उघडी असतात, रांग मात्र प्लॅटफॉर्मपर्यंत समजून जा. कोपऱ्यावरची ‘श्पेटी’ म्हणजे उशिरापर्यंत चालणारी टपरीवजा दुकानंही बरीचशी उघडी असतात, तिथे दूध महाग. बेकऱ्या सकाळी काही तास चालू असतात. आणि रविवारी काचेच्या बाटल्या टाकीत टाकायला जाऊ नका, खळखळाट झाला की वरची खिडकी उघडते.

प्रश्न : क्रोसिनची पाकिटं घेऊन येऊ का, की तिथे किराणा दुकानात मिळेल? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

किराण्यात नाही, साबण-शॅम्पूच्या मोठ्या दुकानांतही नाही. तापाची साधी गोळीसुद्धा फक्त ‘आपोटेक’मध्ये, लाल मोठ्या ‘ए’ची पाटी असते. पॅरासिटामॉल म्हणा, लगेच कळतं. रात्री आणि रविवारी पाळीने एखादं उघडं असतं, कुठलं ते प्रत्येक आपोटेकच्या दारावर लिहिलेलं असतं. घंटा वाजवायची, छोट्या खिडकीतून औषध मिळतं, अडीच युरो जादा. तुमची रोजची बीपी-शुगरची औषधं मात्र मुक्कामाला पुरतील एवढी डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणाच. रात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जीवावर बेतलं तर ११२.

प्रश्न : परत जाताना खरेदीवरचा टॅक्स मिळतो म्हणतात. आणि घासाघीस चालते का? – एक वाचक, पुणे

घासाघीस दुकानात नाही. जुन्या बाजारात चालते, रविवारी माउअरपार्कला किंवा शनिवार-रविवारी ‘१७ जून’ नावाच्या रस्त्यावर. तिथेही अर्ध्यावरून सुरुवात करू नका, वीसचे पंधरा म्हणा.

टॅक्सचं असं. फडताळावर लिहिलेली किंमत शेवटची, वर काही लागत नाही. त्यात खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर ७ टक्के आणि बाकीच्यांवर १९ टक्के कर आधीच असतो. युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्याला तो परत मिळू शकतो, पण एका बिलात पन्नास युरोंच्या वर खरेदी हवी आणि दुकान ती सोय देणारं हवं. सगळी देत नाहीत, आम्ही देत नाही. घेतानाच पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्या. माल न वापरलेला, तीन महिन्यांच्या आत बाहेर न्यायचा. विमानतळावर मोठी बॅग चेक-इनला देण्याआधी कस्टमकडे जा, ते माल बघतात आणि शिक्का मारतात. बॅग पट्ट्यावरून गेली की संपलं. पूर्ण १९ टक्के हातात पडत नाहीत, मधली कंपनी आपलं कमिशन कापते. तेव्हा प्रेशर कुकर, सुरी, बूट अशा मोठ्या खरेदीपुरतं हे करा. चॉकलेटसाठी रांगेत उभे राहू नका. ती घ्यायला शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे या, ईस्टर किंवा नाताळ होऊन गेल्यावरच्या आठवड्यात सशाची आणि सांताक्लॉजची चॉकलेटं निम्म्या किमतीत असतात, चव तीच असते.